जुन्या व्हॅनचा न मांडलेला हिशेब

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दारात पहिली चारचाकी येते ती बहुधा दुसऱ्याच्या दारात काही वर्षे उभी राहिल्यानंतरच. या वर्गाला गेल्या चार दशकांत सर्वाधिक सोयीची वाटलेली गाडी म्हणजे मारुती व्हॅन. ती १९८४ साली बाजारात आली, १९८८ पासून ‘ओम्नी’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि नव्या सुरक्षा व प्रदूषण निकषांत बसणे शक्य नसल्याने २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज विकत मिळणारी प्रत्येक ओम्नी जुनीच आहे आणि त्यांपैकी बऱ्याच गाड्यांनी वयाची पंधरा वर्षे ओलांडली आहेत. तरीही तिला गिऱ्हाईक आहे. आठवडी बाजारात कापड विकणारा, लग्नकार्यात स्वयंपाकाची भांडी वाहणारा, शाळेची मुले ने-आण करणारा आणि सुटीत सात-आठ माणसांसह गावच्या जत्रेला जाऊ इच्छिणारा शिक्षक किंवा कारकून, हे सारे एकच प्रश्न विचारतात : कितीला पडेल? या प्रश्नाचे जे उत्तर मिळते ते गाडीच्या खर्चाचा फारच लहान भाग सांगते.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहावा. समजा, व्हॅन ९०,००० रुपयांना घेतली आणि तीन वर्षांनी ४५,००० ला विकली, तर वर्षाचा घसारा झाला १५,००० रुपये. हजार सीसीच्या आतील खासगी मोटारीसाठी २०२२ साली ठरलेला त्रयस्थ विम्याचा हप्ता २,०९४ रुपये. करासह तो अडीच हजारांच्या आसपास जातो. टायर व बॅटरी यांचे वर्षाकाठी ६,०००, ऑइल-सर्व्हिसिंगचे ६,००० आणि तीन वर्षांत एकदा निघणाऱ्या मोठ्या कामाचे सरासरी ८,००० धरले, तर बेरीज ३७,५०० होते. वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या आणि लिटरला बारा किलोमीटर देणाऱ्या गाडीला ५०० लिटर पेट्रोल लागते. शंभर रुपये लिटर धरले तरी ५०,००० रुपये. एकूण आकडा ८७,५०० रुपये. म्हणजे गाडीची खरेदीकिंमत दर वर्षी जवळजवळ पुन्हा एकदा मोजावी लागते!

हा खर्च पगारासारखा महिन्याच्या महिन्याला आला असता तर तो निदान दिसला असता. पण यंत्राची झीज रोज होते आणि तिचे बिल मात्र एकदम येते. ओम्नीचे ७९६ सीसीचे इंजिन पुढच्या आसनांखाली बसविलेले आहे. रेडिएटरमध्ये शीतकाऐवजी वर्षानुवर्षे नळाचे पाणी भरत राहिले की त्याच्या नळ्या गाळाने बुजतात, घाटात गाडी तापते, आणि तापलेली गाडी तशीच रेटली तर हेड गॅस्केट जाते. शे-दोनशे रुपयांचा रबरी पाइप वेळेवर न बदलल्याने हजारोंचे काम निघते ते असे. इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना, या रचनेमुळे प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस झिजतात. गिअर टाकून क्लच सोडताच खालून ‘टक्’ असा आवाज येऊ लागतो. त्या आवाजाकडे कानाडोळा करण्याची सवय मालकाला चटकन लागते. क्षमतेबाहेर माणसे बसविल्याने मागचे पाटे बसतात. सरकत्या दाराचे रोलर झिजून दार उचलून लावावे लागते. पावसाळ्यात रबरी मॅटखाली पाणी साचून तळाचा पत्रा सडतो आणि कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत ही क्रिया अधिकच वेगाने होते. वरून केलेल्या नव्या रंगाखाली यांतले काहीही दिसत नाही. गॅसकिट बसविलेले असेल तर सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते. पुष्कळांना ती टाकीवरची तारीख उलटून गेल्यावरच आठवते.

टाळलेली दुरुस्ती हे वस्तुतः कर्जच होय. मालक आज खर्च करीत नाही, तेवढी रक्कम त्याच्या खिशात राहते आणि गाडीच्या पोटात देणे साचत जाते. या कर्जाला सावकार नाही, दस्त नाही, हप्ता नाही. म्हणून ते कोणाच्याही जमाखर्चात येत नाही. गाडी विकली जाते तेव्हा हे देणे निमूटपणे नव्या मालकाच्या नावावर चढते. जुन्या व्हॅनची स्वस्ताई ज्याला म्हणतात, तिच्यातला मोठा भाग हा असा दुसऱ्याच्या देण्याचा असतो.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन याची मीमांसा केली होती. पुढे २००१ साली त्यांना इतर दोघांसह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. विक्रेत्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. म्हणून ग्राहक सर्वच गाड्यांना सरासरी भाव देऊ पाहतो, आणि त्या भावात चांगली राखलेली गाडी विकणे मालकाला परवडत नाही. परिणामी बाजारात वाईट गाड्यांचेच प्रमाण वाढत जाते. याचा सरळ अर्थ असा की काळजीने गाडी वापरणाऱ्याला त्या काळजीचे मोल विक्रीच्या वेळी मिळत नाही. मग काळजी घ्यावी कोणी, आणि कशासाठी?

कोणती दुरुस्ती टळते, हे त्याहून महत्त्वाचे. इंजिन बंद पडले की व्हॅन थांबते, धंदा थांबतो. त्यामुळे ते काम उधारीवर का होईना, दुसऱ्या दिवशी होते. ब्रेकच्या व्हील सिलिंडरमधून थेंब-थेंब ऑइल गळत असले, टायर गुळगुळीत झाले असले, स्टिअरिंगमध्ये खेळ आला असला, तरी व्हॅन चालत राहते. टाळाटाळीचा भार म्हणून नेमका सुरक्षिततेवर पडतो. पुढे बॉनेट नसलेल्या, एअरबॅग नसलेल्या या गाडीत चालकाचे गुडघे आणि समोरचे वाहन यांत अंतर ते किती! खासगी नोंदणीच्या व्हॅनमधून भाडे घेऊन विद्यार्थी नेणे कायद्याला मान्य नाही. तरी ते सर्रास चालते, कारण पालकांना त्याहून स्वस्त सोय दिसत नाही. पालक देतात त्या पैशातून पेट्रोल आणि चालकाचे पोट भागते. ब्रेक त्या हिशेबात धरलेलेच नसतात. अपघात झाला तर भाड्याच्या वापराचे कारण दाखवून विमा कंपनी हात वर करू शकते, हे तर बहुतेकांच्या गावीही नसते.

शासनाने या प्रश्नावर योजलेला उपाय वयाचा आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, नंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपयांवर नेण्यात आले. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. जुनी वाहने अधिक धूर ओकतात आणि ती हळूहळू रस्त्यावरून जावीत, हा हेतू गैर नाही. परंतु हे शुल्क गाडीचे साल पाहते, अवस्था पाहत नाही. दरवर्षी ब्रेक उघडून तपासणारा आणि दहा वर्षांत एकदाही न तपासणारा, दोघेही सारखेच पैसे भरतात. शिवाय पहिली पंधरा वर्षे प्रदूषणाच्या प्रमाणपत्राखेरीज खासगी गाडीची शासकीय तपासणी होतच नाही, आणि नेमक्या याच काळात ती दोन-तीन हात बदलते.

हस्तांतराच्या नोंदीबाबत मात्र कायदा कडक आहे. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. कागदावरील नाव न बदलता गाडी देऊन टाकणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नावाची नोंद इतकी मोलाची मानणाऱ्या व्यवस्थेने अवस्थेची नोंदही सक्तीची करावयास काय हरकत आहे? प्रत्येक हस्तांतराच्या वेळी किलोमीटरचा आकडा, ब्रेक-टायर-स्टिअरिंग यांच्या तपासणीचा दाखला आणि मागील मोठ्या दुरुस्त्या व अपघातांचे विमा दावे यांची नोंद नोंदणीच्या संगणकावर चढावी आणि पुढच्या ग्राहकाला ती पाहता यावी. विमा कंपन्यांकडे आणि अधिकृत सर्व्हिस केंद्रांकडे यांतली बरीचशी माहिती आजही जमा आहे. नाक्यावरच्या मेकॅनिकला या व्यवस्थेत कसे सामावून घ्यावे, हा अवघड भाग खरा. पण परवानाधारक तपासनीस म्हणून त्याला प्रशिक्षण देता येईल, आणि त्याच्या सहीला किंमत आली तर त्याच्या कामालाही येईल.

तोवर ग्राहकाला स्वतःच्या बळावर चालावे लागणार. गाडी पसंत पडल्यावर, बयाणा देण्यापूर्वी, विक्रेत्याच्या नव्हे तर स्वतःच्या ओळखीच्या मेकॅनिककडून ती खड्ड्यावर घेऊन खालून पाहून घ्यावी. निघालेल्या कामांचा अंदाज कागदावर मांडून तो किमतीतून वजा मागावा. वरील हिशेबातील पेट्रोल आणि घसारा बाजूला ठेवला तर वर्षाचे २२,५०० म्हणजे महिन्याचे १,८७५ रुपये उरतात. पोस्टातल्या आवर्ती ठेवीत दरमहा तेवढी रक्कम टाकणे ज्या कुटुंबाला जड वाटेल, त्या कुटुंबाला ९०,००० ची व्हॅनही परवडणारी नाही, मग ती कितीही घासाघीस करून मिळालेली असो.