निकाह झाला, नोंदीचे काय?

गेल्या आठवड्यात इफ्तार आटोपून तरावीहची वेळ व्हायच्या आत शेजारचा एक तरुण कागदांची फाइल घेऊन आमच्या महाळुंग्याच्या घरी आला. हिंजवडीत नोकरीला. पत्नी इंडोनेशियाची. निकाह होऊन अडीच महिने झालेले. "मॅडम, निकाहनामा उर्दूत आहे आणि नोंदणीसाठी भाषांतर मागितलंय. बघता का जरा?" मी बघायला घेतला आणि मेहरच्या रकान्यावर अडले.

उर्दूत मेहरचे दोन प्रकार लिहितात. एक 'मुअज्जल', म्हणजे मागताक्षणी द्यायचा. दुसरा 'मुवज्जल', म्हणजे ठरलेल्या मुदतीनंतर किंवा तलाक अथवा मृत्यूनंतर द्यायचा. बोलताना दोन्ही शब्द जवळपास सारखेच ऐकू येतात. लिहिताना फक्त एका अक्षराचा फरक. भाषांतर करणाऱ्याने ते अक्षर चुकवले, तर त्या मुलीचा आजचा हक्क कायमचा उद्यावर जातो. आणि ती तर परक्या देशातली, ना उर्दू येत ना मराठी. तिच्या हातात पुरावा म्हणून उरतो तो फक्त सरकारी शिक्क्याचा कागद.

या कागदाचे मोल किती, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आलेल्या एका प्रकरणाने दाखवून दिले. एका मुस्लिम पुरुषाने अल्जेरियाच्या स्त्रीशी निकाह केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोघांनी ठाणे महापालिकेकडे नोंदणीचा अर्ज केला. हा त्याचा तिसरा विवाह होता. आपल्या राज्याच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यात एकच विवाह अभिप्रेत आहे, असे सांगून महापालिकेने नोंद नाकारली. काही कागदपत्रे अपुरी असल्याचाही मुद्दा होता.

न्या. बी. पी. कुलाबावाला आणि न्या. सोमशेखर सुंदरेसन यांच्या खंडपीठाला ही भूमिका पटली नाही. मुसलमानाला व्यक्तिगत कायद्यानुसार एका वेळी चार विवाहांची मुभा आहे आणि १९९८ च्या कायद्यातले एकही कलम ती काढून घेत नाही, असे न्यायालयाने म्हटले. याच महापालिकेने त्याच पुरुषाचा मोरोक्कोच्या स्त्रीशी झालेला दुसरा विवाह आधी नोंदवला होता, हेही खंडपीठाने नमूद केले. मात्र न्यायालयाने थेट प्रमाणपत्र दिले नाही. जोडप्याने कागद पुरे करावेत, अधिकाऱ्यांनी सुनावणी घेऊन दहा दिवसांत निर्णय द्यावा, असा आदेश झाला. त्या स्त्रीच्या पासपोर्टची मुदत मे महिन्यातच संपली होती. निर्णय होईपर्यंत तिच्यावर सक्तीची कारवाई करू नये, असेही न्यायालयाने सांगितले.

या निकालावर दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया ऐकू आल्या. काहींना तो बहुपत्नीत्वाला दिलेला आशीर्वाद वाटला. आमच्यातल्या काहींना तो शरियतचा विजय वाटला. माझ्या मते दोघांनीही निकाल नीट वाचलेला नाही. न्यायालयापुढे प्रश्न विवाह चांगला की वाईट हा नव्हताच. प्रश्न होता, नोंदणी अधिकाऱ्याचे काम काय? विवाह संबंधितांच्या व्यक्तिगत कायद्यानुसार झाला का, माणसे तीच आहेत का, कागद खरे आहेत का, एवढे त्याने तपासायचे. नोंद नाकारायची तर म्हणणे ऐकून घेऊन कारणे लेखी द्यायची. कायदा बदलणे हे विधिमंडळाचे आणि संसदेचे काम आहे, नोंदणीच्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्याचे नव्हे.

नोंद नाकारली म्हणून निकाह रद्द होत नाही. आपल्या राज्याचा कायदाच सांगतो की, केवळ नोंद नाही म्हणून विवाह अवैध ठरणार नाही. मग नाकारून काय साधते? पुरुषाचे फारसे काही अडत नाही. अडते ते स्त्रीचे. तिचा व्हिसा, तिच्या मुलांचे कागद, मेहर, पोटगी, वारसा यांपैकी काहीही मागायचे तर आधी पत्नी असल्याचे सिद्ध करावे लागते. भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड हवे असेल, तर विवाह नोंदलेला आणि किमान दोन वर्षे टिकलेला असावा लागतो. म्हणजे नोंदच नसेल तर ती कितीही वर्षे इथे राहिली तरी त्या दारापर्यंत पोहोचत नाही.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे आणि रमजानच्या महिन्यात ती टाळून लिहिणे मला प्रामाणिक वाटत नाही. ठाण्याच्या खटल्यात नवरा होता, तिसरी पत्नी होती, महापालिका होती. बातम्यांत आधीच्या दोघींचा आवाज मला कुठे ऐकू आला नाही. केरळ उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नेमके इथेच बोट ठेवले. मुस्लिम पुरुषाचा दुसरा विवाह नोंदवायचा असेल तर पहिल्या पत्नीला नोटीस देऊन तिचे म्हणणे ऐकावे. तिने हरकत घेतली तर पक्षकारांनी दिवाणी न्यायालयात जावे, असे त्या न्यायालयाने सांगितले. केरळचे नियम वेगळे आहेत, ते आपल्याला लागू नाहीत. तरी त्यातला न्याय महाराष्ट्राने उचलावा असा आहे.

हे आपल्याला नवेही नाही. १९६६ मध्ये हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तो तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्धच. कुराणातही चारची मुभा अट घालूनच आली आहे. सर्वांशी न्यायाने वागता येणार नाही अशी भीती असेल तर एकच, असे तिथे स्पष्ट आहे. मुभा तेवढी लक्षात ठेवायची आणि अट विसरायची, ही चूक कुराणाची नाही, आपली आहे.

आता आपल्या गावापुरते. महाळुंगे ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत आले. पूर्वी हे काम ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे होत असे, आता ते महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात होते. निकाहानंतर ९० दिवसांच्या आत अर्ज द्यावा; उशीर झाला तर जास्तीचे शुल्क पडते. परदेशी जोडीदाराचा पासपोर्ट आणि व्हिसा यांची मुदत आधी तपासावी. तिच्या देशाच्या दूतावासाकडून विवाहास अडचण नसल्याचा दाखला मागितला जातो. तो यायला वेळ लागतो, म्हणून निकाहाची तारीख ठरवतानाच त्याची तजवीज करावी. आधीचा विवाह मोडलेला असेल तर त्याचे कागद जोडावेत. आणि निकाहनामा भरताना काझीसाहेबांना हात जोडून सांगावे, मेहरचा रकाना रिकामा सोडू नका; रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहा, आणि ती केव्हा द्यायची हे सरळ वाक्यात लिहा.

अजूनही काही घरांत ऐकू येते, "अल्लाहला साक्षी ठेवून निकाह झाला, आता सरकारचा शिक्का कशाला?" सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सीमा विरुद्ध अश्विनीकुमार खटल्यात सर्व धर्मीयांचे विवाह नोंदवणे सक्तीचे करा, असे राज्यांना सांगितले. पण अशा घरांत मी न्यायालयाचा दाखला देत नाही. कुराणातली सर्वांत लांब आयत कोणती, एवढेच विचारते. ती सूरह बकराची २८२ वी. नमाजाची नाही की रोज्याची नाही. मुदतीच्या कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, हे सांगणारी आहे. मेहर हे नवऱ्याच्या डोक्यावरचे कर्जच असते. उधारी लिहून ठेवायला सांगणारा धर्म आयुष्यभराचा करार तोंडी ठेवायला कसा सांगेल?

शेजारच्या त्या तरुणाला मी दुसऱ्या दिवशी पत्नीसह बोलावले. रकान्यात 'मुअज्जल' होते. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी तिला त्याचा अर्थ सांगितला. तिने नवऱ्याकडे पाहिले आणि विचारले, "म्हणजे आजच?" तो हसला आणि म्हणाला, "ईदच्या आधी." मी म्हटले, नोंदही ईदच्या आधीच होऊ दे.