दरीपलीकडे पहिला दोरा

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत सातवीतल्या एका मुलाने आम्हाला विचारले, "काका, एवढ्या खोल दरीवर पूल बांधतात, तर पहिली दोरी पलीकडे नेतो कोण?" आम्ही पडलो बी. कॉम. जमाखर्चाचे विचारा, सांगू. त्या दिवशी गप्प बसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. चार संध्याकाळी वाचनालयात काढल्या. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

दरी फार खोल असली की मधे खांब उभारणे जिकिरीचे आणि खर्चाचे होते. म्हणून दोन्ही काठांवर उंच मनोरे बांधतात, त्यांच्यावरून जाड तारांचे दोर ओढतात आणि त्या दोरांना रस्ता टांगतात. हा झुलता पूल. पण तो जाड दोर वजनाला भलताच भारी. त्याला ओढून न्यायला आधी बारीक दोर हवा, आणि बारीक दोराच्याही आधी साधा दोरा.

१८४८ च्या जानेवारीत अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधल्या नायगारा नदीच्या घळीवर हीच अडचण आली. उभे कडे, खाली खवळलेले पाणी आणि बर्फ. चार्ल्स एलेट नावाच्या इंजिनियरने तोड काढली ती पतंगाची! जो पतंग पलीकडे उतरवील त्याला बक्षीस. होमन वॉल्श नावाचा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा पुढे आला. वारा सोयीचा मिळावा म्हणून तो होडीने कॅनडाच्या बाजूला गेला आणि तिथून त्याने पतंग सोडला. पतंग पलीकडे पडला, पण दोरा बर्फाच्या धारेने तुटला. नदीत बर्फ इतका दाटला की होडी बंद, पोरगा आठ दिवस परक्या काठावर अडकला. वाट मोकळी होताच परत आला, पतंग दुरुस्त केला, पुन्हा पलीकडे गेला आणि या वेळी जमले. त्या दोऱ्याला थोडा जाड दोर बांधला, त्याला आणखी जाड, असे करीत शेवटी लोखंडी तारांचा दोर ओढला. त्याच वर्षी तिथे लहान झुलता पूल झाला. १८५५ मध्ये त्याच जागी जॉन रोब्लिंगने बांधलेल्या झुलत्या पुलावरून आगगाडी धावली.

पतंगाची जागा पुढे रॉकेटने घेतली. चीनमधला सिदू नदीवरचा पूल २००९ मध्ये खुला झाला. त्याचा पहिला दोर रॉकेटला बांधून पलीकडे उडवला होता. आता चीनच्याच ग्वीचौ प्रांतात २८ सप्टेंबर २०२५ रोजी ह्वाच्यांग दरीवरचा पूल सुरू झाला. नदीपासून तो ६२५ मीटर उंच. दोन तासांची वळणावळणाची वाट दोन मिनिटांवर आली. आजारी माणसाला दवाखान्यात नेणाऱ्याला विचारा, दोन तास म्हणजे काय ते.

आपल्या देशात जम्मू-काश्मीरमधला चिनाब नदीवरचा रेल्वेपूल नदीच्या तळापासून ३५९ मीटर उंच आहे. तो झुलता नाही, पोलादी कमानीचा आहे. पण दोराशिवाय त्याचेही अडलेच असते. दरीवर आडवे तारदोर ताणून त्यांच्यावर क्रेन चालवली आणि एकेक पोलादी तुकडा अधांतरी नेऊन जोडला. दोन्ही काठांकडून वाढत आलेली कमान ५ एप्रिल २०२१ रोजी मधोमध मिळाली. पुलाचे उद्घाटन ६ जून २०२५ रोजी झाले. हे काम कोकण रेल्वे महामंडळाने करवून घेतले. गावी जाताना रत्नागिरीजवळ ज्या पानवलच्या ६४ मीटर उंच पुलावरून आपली गाडी जाते, तोही याच महामंडळाचा. इंजिनियरांची नावे वाचायला मिळतात. त्या उंचीवर नटबोल्ट आवळणाऱ्यांची यादी मात्र आम्हाला कुठे दिसली नाही. निदान होमनचे नाव तरी राहिले.

पुढच्या रविवारी हे सगळे त्या मुलाला सांगितले. रॉकेटचे त्याला विशेष वाटले नाही. म्हणाला, "आठ दिवस तो जेवला कुठे?" ओळखीच्या माणसांकडे उतरला होता, असे आम्ही वाचले होते. ते सांगितले, तेव्हा कुठे त्याचे समाधान झाले.