पुढचा थांबा कुठे?

मी मीरा रोडला राहतो, त्यामुळे आमची प्रत्येक लाँग राइड काशीमिरा नाक्यावरून सुरू होते. नाक्यावर डावीकडे वळलं की पुढे वसईची खाडी आणि गुजरात. खाडीच्या अलीकडेच घोडबंदर रोड धरला की ठाणे, पनवेल आणि मग गोवा. पहाटे पाचला पाच-सहा बाइक जमतात, कटिंग होतो आणि चर्चा सुरू. टायरमध्ये हवा किती, चेनला ल्यूब मारलं का, इंटरकॉम चार्ज आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: "महाडला किती वाजता पोचायचं?"

"मध्ये थांबायचं कुठे?" हा प्रश्न मी इतक्या वर्षांत कुणालाही विचारताना ऐकलेला नाही. मीही विचारला नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यापर्यंत.

त्या वेळी मागे बायको होती. मीरा रोड ते महाड साधारण पावणेदोनशे किलोमीटर. मी पाठीवर दोन लिटरची पाण्याची पिशवी लावली होती, तिची नळी थेट तोंडाशी. एकदम प्रोफेशनल वगैरे. पनवेलला थांबलो तेव्हा बायकोला म्हटलं, "अगं, पाणी पी की." ती म्हणाली, "नको. मग जाऊ कुठे?" मी ते कानाआड केलं. वडखळला पुन्हा तेच. मध्ये एका पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह होतं, पण बायकांच्या बाजूला कुलूप आणि चावी कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नाही. माणगावच्या पुढे इंटरकॉमवर तिची उत्तरं तुटक यायला लागली. आधी वाटलं चिडली असेल. (हा नेहमीचा पहिला अंदाज असतो. :) ) मग ती म्हणाली, "डोकं फुटतंय आणि पायात गोळे येतायत, थांब."

रस्त्याकडेला एक छोटं दुकान होतं. तिथल्या काकूंनी हिच्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, आधी आत जाऊन या. मग सरबत घ्या." घर दुकानाच्या मागेच होतं. ती आत जाऊन आली आणि मग मीठ घातलेलं कोकम सरबत एकापाठोपाठ एक तीन ग्लास प्यायली. अर्ध्या-पाऊण तासात रंग परत आला. काकूंना अडचण एका नजरेत कळली. मी मात्र सकाळपासून 'पाणी पी, पाणी पी' म्हणत होतो आणि मला ती कळली नव्हती.

सांगायचा मुद्दा हा, की राइडवर शरीरातलं पाणी कमी होतं ते बाटली नसल्यामुळे क्वचितच. आपल्याला थांबायचं नसतं म्हणून ते होतं. आणि मागे किंवा पुढे बाई बसलेली असेल तर थांबायला जागाच नसते म्हणून होतं. बाजारातली कुठलीही पिशवी, नळी आणि रंगीत पावडर हे सोडवू शकत नाही.

आधी थोडं शास्त्र, कारण बाइकवर एक मोठी फसवणूक चालू असते. आमच्या भाईंदरला मिठागरं आहेत. मीठ कसं तयार होतं हे लहानपणापासून बघितलेलं असतं. वाफ्यात खारं पाणी घ्यायचं, बाकी काम ऊन आणि वारा करतात. पाणी उडतं, मीठ उरतं. बाइकवर आपलं नेमकं हेच होतं. ट्रेनमध्ये घाम निथळतो, शर्ट चिकटतो, म्हणून कळतं. ताशी ऐंशीच्या वाऱ्यात घाम येतो तसा उडून जातो. अंग कोरडं राहतं आणि आपण समजतो की घाम येतच नाही. संध्याकाळी काळ्या टी-शर्टवर पांढरे नकाशे उमटलेले दिसतात, तेव्हा कळतं दिवसभर मिठागर चालू होतं.

उन्हात तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो, कधी त्याहून जास्त. सत्तर किलोच्या माणसाचं दोन टक्के वजन म्हणजे १.४ किलो. एवढं पाणी कमी झालं की थकवा, डोकेदुखी सुरू होते आणि लक्ष ढळायला लागतं. हिशोब करा, न पिता दोन-तीन तासांत आपण तिथे पोचलो. तहान लागते, पण उशिरा आणि कमी. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर अलर्टचा थ्रेशोल्ड चुकीचा लावलाय, सर्व्हर हँग व्हायला लागल्यावर मेल येतो. बाइकला पेट्रोलचा काटा आहे, चालवणाऱ्याला पाण्याचा काटा नाही. लघवीचा रंग हाच आपला काटा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर आपण मागे पडलोय. आणि हा काटा बघायलाही थांबावंच लागतं!

लक्ष ढळण्याचं काय होतं यावर २०१५ साली इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सिम्युलेटरवर दोन तास गाडी चालवताना, नीट पाणी मिळालेल्या दिवशी चालकांच्या मिळून ४७ चुका झाल्या आणि पाणी कमी दिलेल्या दिवशी १०१. आकडा खणखणीत आहे, पण थोडं सबुरीने घ्या. चालक होते फक्त ११ आणि पैसा शीतपेय उद्योगाशी संबंध असलेल्या संस्थेचा होता. अकराच्या अकरा पुरुष होते, हेही लक्षात ठेवा. तरीसुद्धा दिशा पटण्यासारखी आहे. मोटारीत लेन जराशी सुटली तर हॉर्न ऐकू येतो. बाइकवर लेन सुटली तर...

"आपण कोकण किनारपट्टीवाले, नागपूरसारखा ४५ चा पारा आपल्याकडे कुठे?" हे नेहमीचं वाक्य. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. पारा ३८ च्या आसपास होता. माणसं भर उन्हात तासन्‌तास बसून होती. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. खारघर म्हणजे आमच्या गोव्याच्या रस्त्यावरचंच गाव. हवामान खातंही किनारपट्टीला वेगळा निकष लावतं. मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला पारा निदान ४० हवा, किनाऱ्यावर ३७ पुरतो, अर्थात तो नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असला तर. दमट हवेत घाम नीट उडत नाही आणि घाम उडाला नाही की अंग थंड होत नाही. म्हणजे आपली दोन्हीकडून कोंडी. बाइक पळत असताना पाणी भराभर जातं आणि वडखळच्या ट्रॅफिकमध्ये जॅकेट घालून अडकलो की अंग तापतं.

खारघरनंतर राज्य सरकारने जाहीर केलं की उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळात मोकळ्या मैदानावर कार्यक्रम घ्यायचे नाहीत. बरोबरच आहे. मग मे महिन्यात दुपारी १२ ते ५ आपण काळं जॅकेट आणि हेल्मेट घालून डांबरावर काय करत असतो?

आता प्यायचं किती आणि काय. उन्हात काम करणाऱ्या कामगारांसाठी अमेरिकेतल्या सरकारी संस्थेचा सल्ला आहे: दर १५-२० मिनिटांनी एक कप, आणि तासाला साधारण १.४ लिटरच्या वर नाही. वरची मर्यादा महत्त्वाची, कारण नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यात १३ टक्के लोकांचं सोडियम हवं त्यापेक्षा कमी निघालं. तेव्हा पाण्यासोबत मीठही हवं. त्यासाठी महागडं काही लागत नाही. मीठ घातलेलं ताक, कोकम किंवा लिंबू सरबत, पन्हं, सगळं उत्तम. नारळपाणी छान, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून सोबत थोडे खारे शेंगदाणे. चहा चालतो, चहाने पाणी कमी होतं ही भीती उगाच आहे. ओआरएस घ्यायचंच तर मेडिकलमधून खरं घ्या. नुसतंच ओआरएस नाव लावलेल्या गोड पेयांना ते नाव वापरायला एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती उगाच नव्हे.

आणि कुणी असंबद्ध बोलायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर सरबत पाजत बसू नका. सावलीत घ्या, जॅकेट काढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

हे सगळं आपल्यापैकी बहुतेकांना थोडंफार माहीत असतंच. माहिती असून आपण करत नाही, कारण आपण राइड मोजतो तासांत. "सहा तासांत चिपळूण" ही शाबासकीची गोष्ट, आणि चार वेळा थांबणारा तो 'आंटी स्पीड'वाला! हा शब्द मीही वापरलाय, आता लाज वाटते.

दुसरी बाजू आपल्या हातात पूर्ण नाही, पण थोडी आहे. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' नावाची चळवळ बायकांच्या मोफत आणि स्वच्छ मुताऱ्यांसाठी भांडते आहे. तेव्हा नावावरून आम्ही ऑफिसात हसलो होतो. माणगावच्या पुढे त्या दुकानासमोर उभं राहिल्यावर हसू आलं नाही. पेट्रोल पंपावर पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, हवा आणि प्रथमोपचार पेटी मोफत देणं तेल कंपन्यांच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. पंपावर तक्रारवहीही असते. आपण पुरुष पंपाच्या मागच्या भिंतीवर काम उरकतो, म्हणून कुलपाकडे आपलं लक्षच जात नाही. सहा बाइकवाल्यांनी मिळून चावी मागितली तर ती सापडते, हे मी आता अनुभवाने सांगतो. नाही सापडली तर वही मागा. पाच मिनिटं जातील. जाऊ देत.

आमच्या ग्रुपमध्ये आता एक नियम आहे. राइडच्या आदल्या रात्री रूट ठरत नाही, आधी थांबे ठरतात. दर तासाला, फार तर सव्वा तासाला एक. यादीत तोच थांबा जातो जिथलं स्वच्छतागृह आमच्यापैकी एखादीने वापरलंय आणि ठीक म्हटलंय. उन्हाळ्यात पहाटे चारला निघायचं आणि अकराच्या आत मुक्कामी किंवा सावलीत. यामुळे चिपळूणला आम्ही पूर्वीपेक्षा तास-सव्वा तास उशिरा पोचतो. सुरुवातीला दोघं कुरकुरले, एक जण ग्रुप सोडून गेला. जाऊ दे, त्याला लवकर पोचायचं असेल.

बायको परत राइडला यायला तयार झाली ती मी नवीन जॅकेट घेऊन दिलं म्हणून नाही. निघायच्या आधी मी थांब्यांची यादी तिच्या हातात दिली म्हणून. तिने त्यातले दोन खोडले, एक नवा लिहिला. माणगावच्या पुढचं काकूंचं दुकान. पनवेलला तिने न सांगता बाटली उघडली आणि अर्धी संपवली.