व्यायामशाळा काढायची, पण माणसे मोजून



गेल्या उन्हाळ्यात तारापूर औद्योगिक वसाहतीजवळच्या पाम गावातला एक तरुण वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. कंत्राटी काम, बारा तासांची पाळी, पण शरीर कमावलेले. "काका, मला जिम काढायचीय," म्हणाला. वडील निवृत्त कामगार. त्यांच्या फंडाचे साडेचार लाख बँकेत होते, आणि चिरंजीवांचा डोळा त्यांवरच होता. वडील सगळा वेळ गप्प. निघताना चपला घालता घालता एवढेच म्हणाले, "धाकटीचं लग्न राहिलंय."

मी आयुष्यात फायलींखेरीज वजन उचललेले नाही, हे माझे पोट पाहून कुणीही सांगेल. पण बी. कॉम. असल्याने जमाखर्च कळतो. मी म्हटले, आधी यंत्रे बघायची नाहीत, माणसे मोजायची. तीन संध्याकाळ आम्ही बोईसरमधल्या एका जिमसमोर टपरीवर चहा पीत बसलो. सहा ते नऊ गर्दी, बाकी वेळ पंखे फिरताहेत. रात्रपाळी करून सकाळी परतणाऱ्यांसाठी सोय नाही. होळीला परप्रांतीय कामगार गावी गेले की निम्मे सभासद गळतात, हे टपरीवाल्याने सांगितले. ही माहिती फुकट मिळाली, चहाचे पैसे सोडून.

मग कागद घेतला. भाडे १२,०००, वीज ४,०००, शिकवणाऱ्याचा पगार १०,०००. महिना २६,००० झाले. फंडाला हात न लावता ४ लाखांचा प्रकल्प महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीजभांडवल योजनेत बसवला. बँकेचे ७५ टक्के, महामंडळाचे २० टक्के, आपले ५ टक्के, म्हणजे खिशातले २०,०००. दोन्ही हप्ते मिळून सुमारे ८,०००. एकूण ३४,०००. फी ५०० धरली तर ६८ सभासद झाल्यावर पदरी शून्य! त्याच्या स्वतःच्या पगाराचा पैसा ६९ व्या सभासदापासून सुरू. पोरगा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला.

तळवलकर हे नाव तुम्ही ऐकले असेल. विष्णुपंत तळवलकरांनी १९३२ साली मुंबईत व्यायामशाळा काढली. पुढच्या पिढ्यांनी ती देशभर नेली, २०१० साली कंपनी शेअर बाजारात आली, आणि २०१९ साली कर्जाची देणी थकली. नाव मोठे असले म्हणून हप्ता थांबत नाही. टाळेबंदीत तर मार्च २०२० पासून २५ ऑक्टोबरच्या दसऱ्यापर्यंत महाराष्ट्रातल्या सगळ्या जिमना कुलूप होते. म्हणून सहा महिन्यांचे भाडे बाजूला ठेवल्याशिवाय गाळा घ्यायचा नाही, असे मी बजावले. त्यासाठी त्याने मोटरसायकल विकली. ट्रेडमिल रद्द केली. ती वीज खाते आणि बिघडते. डंबेल्स, बार, प्लेटा, दोन बेंच जुन्या बाजारातून घेतले. लोखंड जुने झाले तरी वजन तेवढेच.

कागदपत्रांत फसू नका. उद्यम नोंदणीला एक पैसा लागत नाही. एजंटाने त्याच्याकडे दीड हजार मागितले होते. कामगार थोडे असतील तर दुकाने कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते. जातीच्या दाखल्याची धास्ती काही बौद्ध कुटुंबांना अजून वाटते; पण १९९० च्या दुरुस्तीने केंद्रातही आपल्याला अनुसूचित जातीच्या सवलती लागू आहेत. दाखला मात्र आधी काढून ठेवा, बँकेत गेल्यावर नव्हे.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली. पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी. सभासद ४४ आहेत, म्हणजे अजून खड्डाच. तो नोकरी सोडलेला नाही, पाळी बदलून घेतो. अकरा ते बारा महिलांची वेळ ठेवा, हे आमच्या सौ.चे म्हणणे. डबे गेले, मुले शाळेत गेली की बाईला तेवढाच तास मिळतो. नऊ जणी येतात, त्यांत त्याची आई आहे. गुडघे दुखायचे, आता विहाराच्या पायऱ्या न थांबता चढते म्हणतात. वडील संध्याकाळी दाराशी खुर्ची टाकून फीची वही लिहितात.

महिलांच्या वेळेला शिकवायला बाईच हवी. पालघर-बोईसर परिसरात कुणी शिकलेली भगिनी असेल तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवावे.