डावाचे नाव सांगणारी बातमी

निवडणुकीच्या दिवसांतील कोणतेही मराठी वृत्तपत्र उघडून पाहावे. उमेदवार आखाड्यात उतरतात, दंड थोपटतात, शड्डू ठोकतात. जागावाटपाआधी मित्रपक्षांत खडाखडी होते. कोणी कोणाला चीतपट करतो, कोणी धोबीपछाड देतो. आतून संगनमत असल्याचा संशय आला की त्या भांडणाला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. आणि एखाद्या ज्येष्ठ नेत्याने अखेरच्या क्षणी बाजी पालटवली की वस्तादाने एक डाव राखून ठेवला होता, असा मथळा येतो. पहिल्या पानावर कुस्तीच्या परिभाषेची अशी रेलचेल असताना त्याच अंकाच्या क्रीडापानावर प्रत्यक्ष कुस्ती मात्र शोधावी लागते. एखाद्या व्यवहाराची शब्दकळा भाषेत टिकून राहावी आणि तो व्यवहार नजरेआड व्हावा, हे नवे नाही. घराघरांतले जाते गेले, तरी जात्यातले आणि सुपातले यांची म्हण आपण वापरतोच. कुस्तीची गोष्ट निराळी आहे. ती अजून जिवंत आहे. म्हणूनच तिची केवळ रूपके उरणे हा चिंतेचा विषय आहे.

मराठी माध्यमांना कुस्तीचे वावडे आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोल्हापूर, सांगली, सातारा येथील आवृत्त्यांत यात्रेच्या मैदानांचे वृत्त नियमाने छापून येते. परंतु जिल्हावार आवृत्त्यांच्या व्यवस्थेमुळे हे वृत्त सहसा जिल्ह्याची वेस ओलांडत नाही. नवी मुंबईचे उदाहरण घ्या. वाशी-तुर्भ्याच्या घाऊक बाजारांत पाठीवर पोती वाहणारा माथाडी कामगार मोठ्या संख्येने पश्चिम महाराष्ट्रातून आलेला आहे. गावच्या यात्रेला काम बाजूला ठेवून मैदान गाठणारा हा प्रेक्षक आहे. ठाणे-रायगड पट्ट्यातील आगरी-कोळी गावांतही जत्रेच्या निमित्ताने कुस्त्यांचे फड भरतात. तरीही या शहरात घरोघरी पडणाऱ्या अंकात कुस्तीला जागा मिळते ती वर्षातून एकदा, महाराष्ट्र केसरीची गदा कोणी उचलली हे सांगण्यापुरती. किंवा काही भानगड झाली तर.

कुस्तीच्या भवितव्याची चर्चा आपल्याकडे बहुधा मल्लांचा खुराक, मानधन आणि सरकारी नोकरी या प्रश्नांवर थांबते. हे प्रश्न खरेच आहेत. परंतु माध्यमे कुस्तीविषयी किती लिहितात, त्याहून अधिक महत्त्वाचे काय लिहितात, याचा तिच्या भवितव्याशी थेट संबंध आहे, असे माझे मत आहे. डावाचे, वजनगटाचे आणि नियमाचे नाव न घेता दिलेली बातमी कितीही मोठी असली, तरी ती खेळाच्या उपयोगी पडत नाही.

प्रथम एका शब्दाचा विचार करू. ऑलिंपिकमध्ये खेळल्या जाणाऱ्या कुस्तीला ‘हौशी कुस्ती’ म्हणण्याचा प्रघात आहे. मराठीत ‘हौशी’ म्हटले की हौशी रंगभूमी आठवते. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून आवडीने केलेली गोष्ट, असा त्याचा अर्थ होतो. पहाटे उठून जोर-बैठका मारणारा, तरुणपणाची आठ-दहा वर्षे तालमीत काढणारा मल्ल या अर्थाने हौशी नसतो. या शब्दाचे प्रयोजन दुसरे होते. ज्या लढतींचा निकाल आधीच ठरलेला असतो अशा ‘व्यावसायिक’ कुस्तीपासून खरी कुस्ती वेगळी काढण्यासाठी तो वापरात आला. १९५०च्या दशकात दारासिंग आणि किंगकाँग यांच्या लढतींना गर्दी लोटे. पुढे दूरचित्रवाणीवरील अमेरिकन खेळांनी तशीच भुरळ घातली. फ्रेंच अभ्यासक रोलाँ बार्थ यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधसंग्रहात अशा कुस्तीला क्रीडेपेक्षा नाट्याच्या जवळचे मानले, ते उचित होते. महाराष्ट्रातील मातीवरची कुस्ती मात्र या दोन्ही खणांत बसत नाही. तिच्यात इनाम असते आणि निकाल खरा असतो. आपल्या अनुभवाला नेमका शब्द नसला की तो अनुभव सांगणेही अवघड होते, याचे हे एक उदाहरण.

आता इतिहासाकडे वळू. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये खुले झाले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९६१ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत मारुती माने आणि गणपत आंदळकर यांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य जिंकले. हा चढता आलेख पुढे टिकला नाही. खाशाबांनंतर कुस्तीतील दुसरे ऑलिंपिक पदक येण्यासाठी देशाला २००८ पर्यंत, म्हणजे ५६ वर्षे थांबावे लागले. आणि २००८ ते २०२४ या काळात मिळालेली सातही पदके दिल्ली-हरियाणाच्या मल्लांची आहेत.

याची कारणे अनेक आहेत. माती आणि गादी यांतील अंतर हे त्यांपैकी एक. मातीवर चीत केल्याखेरीज निकाल नाही, अशी आपली जुनी धारणा. गादीवर गुण मोजले जातात. परंतु ज्या कारणात माध्यमांचा वाटा आहे, ते मला इथे सांगायचे आहे. ते कारण म्हणजे आपले अवजडपणाचे वेड. महाराष्ट्र केसरी हा किताब वरच्या वजनाच्या मल्लांसाठी असतो. त्या गटाची सुरुवातच ८६ किलोंपासून होते. त्याच मांडवात, त्याच दिवसांत ५७, ६१, ६५, ७४ अशा किलोगटांच्या लढतीही होतात. त्यांचे विजेते बहुधा बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात ओळीने उरकले जातात आणि जागा कमी पडली की कात्री प्रथम त्याच परिच्छेदावर चालते.

या सवयीचा परिणाम काय होतो, ते पाहा. खाशाबा जाधव हेलसिंकीत ५७ किलोंच्या बँटमवेट गटात लढले. आजच्या नियमांनुसार त्यांना महाराष्ट्र केसरीच्या गटात उभेही राहता आले नसते. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे यांनी २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोगटात सुवर्ण आणि २०१९च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोगटात कांस्यपदक मिळवले. म्हणजे जगाच्या पातळीवर महाराष्ट्राचे नाव ज्या वजनांनी नेले, त्या वजनांकडे घरची माध्यमे पाठ फिरवतात. सोळा वर्षांचा, चणीने लहान पण चपळ मुलगा वर्तमानपत्रात कोणाचे छायाचित्र पाहतो? गदा खांद्यावर घेतलेल्या धिप्पाड मल्लाचे. मग तोही वजन वाढवण्याच्या मागे लागतो किंवा खेळ सोडतो.

नियमांविषयीच्या मौनाची किंमत तर अधिकच जड आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत बाहेरची टांग या डावावर चार गुण दिले गेले आणि वादाचा भडका उडाला. प्रश्न पूर्णपणे तांत्रिक होता. प्रतिस्पर्ध्याला उभ्या स्थितीतून थेट धोकादायक स्थितीत नेले, तर चार गुण मिळतात. आणि पाठ जमिनीशी नव्वद अंशांपेक्षा कमी कोनात झुकली की ती स्थिती धोकादायक मानतात. त्या क्षणी पाठ तितकी झुकली होती का, एवढाच मुद्दा. एका आकृतीने आणि चार वाक्यांनी तो वाचकापुढे ठेवता आला असता. समाजमाध्यमांवर मात्र चित्रफितीचे तुकडे फिरत राहिले, वादाला खेळाबाहेरचे रंग चढले आणि पंचांना धमक्या येण्यापर्यंत मजल गेली. प्रेक्षकाला नियम माहीत नसला की प्रत्येक प्रतिकूल निर्णय त्याला पक्षपात वाटतो.

२०२५ मध्ये अहिल्यानगरच्या स्पर्धेत निर्णयावर संतापलेल्या मल्लाने पंचाला लाथ मारल्याचे दृश्य घराघरांत पोचले. ज्या निर्णयावरून हे घडले, तो नियमात बसत होता की नाही, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या. एकाच किताबाचे दोन मानकरी का, कोणत्या संघटनेला कोणाची मान्यता, आणि यात मल्लाचे काय नुकसान, हे समजावून सांगणे पत्रकारितेचेच काम होते.

समजण्याजोगे असणे ही खेळाच्या अस्तित्वाची अट असते, हे जगानेही अनुभवले आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्ती ऑलिंपिकमधून वगळण्याची शिफारस केली. प्राचीन ऑलिंपिकपासून चालत आलेला हा खेळ! त्यानंतर काही महिन्यांत आंतरराष्ट्रीय संघटनेचे नेतृत्व बदलले आणि नियम सोपे करण्यात आले. फेऱ्यांचे स्वतंत्र निकाल जाऊन तीन मिनिटांच्या दोन सत्रांची एकत्रित गुणसंख्या आली. ताबा घेण्याला एकाऐवजी दोन गुण मिळू लागले. सप्टेंबरमध्ये ब्यूनोस आयर्सच्या अधिवेशनात कुस्तीला तिचे स्थान परत मिळाले.

सामान्य वाचकाला डावांची नावे कंटाळवाणी वाटतील, असा आक्षेप संपादक घेतात. त्याला उत्तर क्रिकेटच्या मराठीने दिलेले आहे. सर्वस्वी परक्या खेळाची परिभाषा आपल्या वृत्तपत्रांनी आणि आकाशवाणीच्या समालोचकांनी मराठी माणसाच्या ओठांवर रुळवली. विशेष म्हणजे ‘त्रिफळाचीत’, ‘यष्टीचीत’, ‘पायचीत’ हे शब्द घडवताना त्यातले ‘चीत’ कुस्तीच्या मातीतूनच उचललेले दिसते. कुस्तीचा शब्द उसना घेऊन आपण क्रिकेट शिकलो. मग कुस्तीच्याच शब्दांत कुस्ती समजणे अवघड का व्हावे?

ही परिभाषा मैदानावर अजून नांदते आहे. हलगीच्या कडकडाटात ध्वनिक्षेपकावरून बोलणारा निवेदक मल्लाचे गाव, तालीम आणि वस्ताद सांगतो, डाव पडताक्षणी त्याचे नाव उच्चारतो, प्रतिडाव कोणता होऊ शकला असता तेही सांगतो. कलाजंग, ढाक, घिस्सा, मोळी, पुठ्ठी, एकेरी पट या शब्दांना त्याच्या तोंडी नेमका अर्थ असतो. आता गावोगावची मैदाने मोबाइलवरून थेट दिसू लागली आहेत आणि हे निवेदन दूरवर ऐकू येते. छापील बातमीने याच्याकडून शिकावे. ‘अटीतटीच्या लढतीत अमुकने तमुकला आस्मान दाखवले’ हे वाक्य कोणत्याही मैदानाला, कोणत्याही वर्षी लागू पडते. म्हणून ते काहीच सांगत नाही. ‘पहिल्या सत्रात दोन गुणांनी मागे पडलेल्या अमुकने अखेरच्या मिनिटात एकेरी पट काढून ताबा मिळवला’ हे वाक्य लढत दाखवते. लांबीत फारसा फरक नाही. फरक आहे तो पाहण्याचा.

महिला कुस्तीला तर अशा लेखनाची अधिकच गरज आहे. २०२३ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरवर महिला मल्लांनी दिलेला लढा माध्यमांनी देशापुढे मांडला, ते त्यांचे कर्तव्यच होते. त्याच वर्षी मार्च महिन्यात सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. सांगलीची प्रतीक्षा बागडी विजेती ठरली, कल्याणची वैष्णवी पाटील अंतिम लढतीतील तिची प्रतिस्पर्धी होती. या मुली कोणते डाव खेळतात, हे किती वाचकांना ठाऊक आहे? नोव्हेंबर २०२५ मध्ये नेरूळच्या मैदानावर भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रेक्षकांना प्रत्येक खेळाडूची फलंदाजीची ढब माहीत होती. अशी ओळख एका रात्रीत होत नाही. सामन्यांचे प्रक्षेपण आणि वृत्तांकन वर्षानुवर्षे होत राहिल्याने ती घडते.

मराठीचे विद्यार्थी म्हणून या बाबतीत तुम्हाला एक काम करता येण्याजोगे आहे. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकत आहात आणि महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांत राहता. आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या वस्तादांकडे जाऊन बसा. डावांची नावे विचारा. हात कुठे, पाय कुठे, वजन कोणत्या बाजूला, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. एकाच डावाला दोन जिल्ह्यांत दोन नावे आहेत का, ते तपासा. हे शब्द जाणणारी पिढी वयोवृद्ध होत आहे आणि त्यांतील बरेचसे शब्द अद्याप लेखनात आलेले नाहीत. उद्या तुमच्यातून कोणी वार्ताहर झाले, कोणी शिक्षक झाले, तर हीच टिपणे कामी येतील. आणि ५७ किलोंच्या एखाद्या मुलाने मारलेल्या डावाचे नाव त्याच्या स्वतःच्या नावाशेजारी छापून येईल.