पाचट कुट्टी यंत्र स्वस्त झाले, पण ते थांबवायचे कधी?



२२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीसाठीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मशागतीची अवजारे, कापणी-मळणीची यंत्रे आणि गवत कापणारी यंत्रे यांनाही हाच दर लागू झाला. ट्रॅक्टरचे टायर, ट्यूब आणि ब्रेक, क्लच, गिअर बॉक्स, रेडिएटर यांसारख्या सुट्या भागांवर १८ टक्के कर होता, तोही ५ टक्के झाला. साधा हिशेब केला, तर १ लाख रुपये मूळ किमतीच्या अवजारावर पूर्वी १२ हजार रुपये कर लागत होता, आता ५ हजार लागतो. म्हणजे ७ हजार रुपये वाचले. शिवाय कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महाडीबीटी पोर्टलवरून अर्ज केल्यास अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्क्यांपर्यंत, तर इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान कमाल मर्यादेत मिळते.

कोल्हापूर जिल्ह्यात याचा परिणाम सर्वांत आधी दिसतो तो उसाच्या फडात. १ नोव्हेंबरपासून गाळप हंगाम सुरू झाला, तोड झालेले फड मोकळे होऊ लागले आणि खोडव्याच्या तयारीसाठी पाचट कुट्टी यंत्राला, म्हणजेच मल्चरला, मागणी वाढली. ही चांगली गोष्ट आहे. मात्र यंत्र जितक्या वेगाने गावात आले, तितक्या वेगाने ते सुरक्षित चालवण्याची आणि सांभाळण्याची माहिती आलेली नाही. म्हणून या वेळी खताच्या मात्रेपेक्षा यंत्रावर अधिक बोलू.

पाचट का ठेवायचे?

एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट मिळते. त्यात सुमारे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. पेटवून दिले, की कर्ब आणि नत्र हवेत जातो, वरच्या थरातील जिवाणू मरतात आणि पाण्याचा ताण लवकर बसतो. कुट्टी करून सरीत ठेवले, तर तण कमी येते आणि ओल टिकते. प्रति टन पाचटावर ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले, की ते चांगले कुजते. मजुरांच्या टंचाईत हे काम यंत्राशिवाय वेळेत होणे कठीण, हेही तितकेच खरे. त्यामुळे प्रश्न यंत्र वापरावे की नाही हा नाही, ते कसे वापरावे हा आहे.

धोका नेमका कुठे आहे?

ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला ९ फेरे. शाफ्टचा व्यास ७ सेंटिमीटर धरला, तर एका सेकंदात जवळपास २ मीटर कापड त्याच्याभोवती गुंडाळले जाते. खांद्यावरचा टॉवेल, सकाळच्या थंडीतली मफलर, साडीचा पदर किंवा शर्टाची सुटी बाही अडकली, तर माणूस ओरडेपर्यंत सगळे संपलेले असते. तिथे चपळाई किंवा अनुभव कामाला येत नाही.

दुसरा धोका रोटरचा. कुट्टी यंत्राचा रोटर पीटीओपेक्षा बराच जास्त वेगाने फिरतो. पात्यांसह व्यास ४० सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला १,८०० फेरे धरला, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे १३५ किलोमीटर होतो. या वेगाने एखादा दगड, तारेचा तुकडा किंवा तोडणी टोळीकडून फडात राहिलेला कोयता फेकला गेला, तर काय होईल याची कल्पना करा. पाचटाच्या थराखाली काय पडले आहे, हे चालकाला आसनावरून दिसत नाही.

तिसरा धोका सर्वांत फसवा आहे. ओलसर पाचट, वेल किंवा ठिबकची नळी रोटरला गुंडाळते आणि यंत्र अडते. चालक खाली उतरतो, इंजिन चालूच असते, आणि तो हाताने किंवा काठीने गुंता काढू लागतो. गुंता सुटताच रोटर पुन्हा फिरतो. पीटीओ बंद केला असला, तरी जड रोटर काही काळ स्वतःच्या जोरावर फिरतच राहतो, हेही लक्षात ठेवावे.

परदेशी यंत्राकडे असलेली एक गोष्ट

अमेरिकेत घरापुढचे गवत आसनावर बसून कापायची छोटी यंत्रे घरोघरी असतात. त्यांचे काम आपल्या मल्चरसारखेच, फक्त हलके. त्या यंत्रांच्या आसनाखाली एक स्विच असतो. पाते चालू असताना चालक आसनावरून उठला, की यंत्र बंद पडते. हाताने ढकलायच्या यंत्रासाठी तर तिथे १९८२ पासून नियमच आहे, की दांडा सोडल्यावर ३ सेकंदांत पाते थांबले पाहिजे. माणूस घाई करणार, विसरणार, आळस करणार, हे गृहीत धरून यंत्र बनवले जाते.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टर-मल्चरच्या जोडीत अशी सोय नसते. चालक उतरला तरी पीटीओ फिरतच राहतो. जे काम तिथे स्विच करतो, ते इथे चालकाच्या सवयीला करावे लागते. ती सवय एका ओळीत सांगता येते: पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, रोटर पूर्ण थांबल्याची खात्री आणि मगच खाली पाय.

घाईचे मूळ भाड्याच्या दरात आहे

बहुतेक शेतकरी स्वतःचे यंत्र घेत नाहीत, भाड्याने बोलावतात. कोल्हापुरातील तुकड्यांच्या शेतीत तेच परवडते. पण दर एकरावर ठरला, की चालकासाठी प्रत्येक थांबा म्हणजे तोटा. इंजिन बंद करून गुंता काढायला दहा मिनिटे लागतात, चालू ठेवून दोन. दिवसभरात असे पाच-सहा थांबे आले, तर चालक कोणता मार्ग निवडेल? त्याला बेफिकीर म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ठरलेला दरच त्याला तसे वागायला लावतो.

यावर उपाय शेतकऱ्याच्या हातात आहे. सौदा करतानाच सांगावे, की गुंता काढायला इंजिन बंद झालेच पाहिजे आणि त्या वेळेचे पैसे आम्ही देऊ. हंगामात वाचलेल्या खतापुढे ही रक्कम किरकोळ आहे. दुसरे म्हणजे, थांबेच कमी येतील अशी तयारी आपण आधी करून ठेवावी.

यंत्र येण्याआधी शेतकऱ्याने करायची तयारी

१. यंत्र येण्याच्या आदल्या दिवशी फडातून आडवे-उभे फिरून दगड, तारा, बाटल्या, कोयते उचलावेत. बांधालगतचा आणि गाडीवाटेचा पट्टा विशेष तपासावा.

२. ठिबकच्या नळ्या गुंडाळून बाजूला घ्याव्यात. व्हॉल्व्ह, पाइपचे तोंड, विहिरीचा काठ आणि विजेच्या खांबाचे ताण यांना काठी रोवून रंगीत कापड बांधावे.

३. पाचट दवाने ओले असताना यंत्र लावू नये. ऊन चढल्यावर, पाचट कडकडीत झाल्यावर कुट्टी बारीक होते आणि गुंता कमी होतो.

४. वाडे गोळा करणाऱ्या बायका, तोडणी कामगारांची मुले, जनावरे यांना किमान ५० मीटर, म्हणजे साधारण १६० फूट लांब ठेवावे. यंत्राच्या मागे आणि बाजूला कोणीही उभे राहू नये. लोक जवळ आले, तर चालकाने यंत्र थांबवावे.

५. मडगार्डवर किंवा मागच्या जोडणीवर कोणालाही बसवू नये. 'पोराला जरा फिरवून आणतो' हा हौसेचा प्रकार या यंत्रावर तर अजिबात नको.

चालवताना

मल्चर ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीला साजेसा असावा. पीटीओचा वेग यंत्राच्या पुस्तिकेत दिलेला आहे तोच ठेवावा. कुट्टी लवकर व्हावी म्हणून वाढवू नये. बांधावर वळताना पीटीओ बंद करून मगच यंत्र उचलावे. यंत्र उचललेले असताना रोटर फिरत ठेवला, तर दगड थेट माणसाच्या उंचीला उडतात आणि शाफ्टचा जॉइंटही तुटतो. मागच्या बाजूचे रबरी किंवा साखळीचे पडदे काढून टाकण्याची पद्धत दिसते. कुट्टी मोकळी पडते हे खरे, पण दगड अडवणारी तीच शेवटची भिंत आहे.

पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड या भागांत उताराची व टप्प्यांची शेती आहे. तिथे मागे जड यंत्र लावलेला ट्रॅक्टर कडेला नेताना बांध खचू शकतो. उतारावर आडवे वळण घेऊ नये आणि कडेपासून चाक पुरेसे आत ठेवावे. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरना उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट बंधनकारक केली आणि तिथे अशा अपघातांतील मृत्यू पुढे खूप घटले. नवा ट्रॅक्टर घेताना अशी चौकट व सीटबेल्ट मिळतो का, हे विक्रेत्याला जरूर विचारावे. चौकट असेल तर बेल्ट लावावा. चौकट नसेल तर बेल्ट लावू नये.

आगीकडेही लक्ष हवे. सुके पाचट आणि तापलेला सायलेन्सर यांची गाठ पडायला वेळ लागत नाही. दर दोन तासांनी इंजिन बंद करून, गार होऊ देऊन, सायलेन्सरवरचे व रेडिएटरच्या जाळीवरचे पाचट-धूळ साफ करावी. डिझेल गार इंजिनावर आणि फडाबाहेर भरावे. बांधावर पाण्याचे पिंप आणि दोन बादल्या ठेवाव्यात.

देखभाल: रोज पंधरा मिनिटे

• पाती व बोल्ट: रोज सकाळी तपासावेत. एक पाते जरी तुटले, तरी रोटरचा तोल जातो, यंत्र थरथरते आणि बेअरिंग लवकर जाते. पाते बदलताना समोरासमोरची जोडी एकत्र बदलावी.

• पीटीओ शाफ्ट: त्यावरचे प्लॅस्टिकचे कव्हर अखंड हवे आणि ते शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून साखळीने अडकवलेले हवे. जॉइंटला दर ८ तासांनी ग्रीस द्यावे.

• पट्टे: अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक ते दीड सेंटिमीटर खाली जावेत. फार सैल पट्टा घसरून तापतो.

• गिअर बॉक्स: तेलाची पातळी रोज पाहावी. तेल कोणते आणि कधी बदलायचे, हे पुस्तिकेप्रमाणे ठरवावे.

• खालून काम करताना: फक्त हायड्रॉलिकच्या भरवशावर उचललेल्या यंत्राखाली हात घालू नये. दोन्ही बाजूंना भक्कम लाकडी ठोकळे लावावेत. इंजिन बंद, किल्ली खिशात, हातात जाड मोजे.

• हंगाम संपल्यावर: यंत्र धुऊन, वाळवून, पात्यांना तेल लावून, पट्टे सैल करून शेडमध्ये ठेवावे.

सुट्या भागांवरचा कर १८ वरून ५ टक्के झाल्याने ब्रेक, क्लच, टायर बदलणे आता तुलनेने स्वस्त आहे. 'अजून एक हंगाम काढू' म्हणून टाळलेली कामे याच वर्षी उरकावीत. नवे यंत्र घेत असाल, तर करात वाचलेल्या पैशांतून शाफ्टचे कव्हर, मागचे पडदे, चालकासाठी चष्मा, कानाची संरक्षक टोपणे आणि बूट घ्यावेत.

अपघात झालाच तर

आधी इंजिन बंद करावे. रक्त येत असलेल्या जागी स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि १०८ ला फोन करावा. बोट किंवा हात तुटला असेल, तर तुटलेला भाग स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. तो भाग थेट बर्फावर ठेवू नये.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गमावल्यास २ लाख रुपये, तर एक डोळा किंवा एक अवयव गमावल्यास १ लाख रुपये मिळतात. खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील खातेदार नसलेला एक सदस्य, वय १० ते ७५, यासाठी पात्र आहेत. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. अपघात दारूच्या अमलाखाली झाला असेल, तर मदत मिळत नाही.

इथे एक पोकळी आहे. तुमच्या फडात भाड्याने आलेला चालक स्वतः किंवा त्याच्या घरचे कोणी खातेदार नसेल, तर तो या योजनेत बसत नाही. अपघात तुमच्या शेतात होतो, पण त्याच्या घरी काहीच जात नाही. म्हणून गावातील यंत्रमालकांनी आपल्या चालकाचा वैयक्तिक अपघात विमा काढावा, आणि भाड्याने घेणाऱ्यांनी तो आहे का हे विचारावे. विकास सोसायट्या आणि शेतकरी गटांनी सामाईक यंत्र घेताना ही अट लिहूनच ठेवावी.

पुढच्या वेळी यंत्र बोलावताना एकरी दर विचाराल, तेव्हा आणखी तीन गोष्टी विचारा: शाफ्टवर कव्हर आहे का? मागचे पडदे लावलेले आहेत का? गुंता काढताना इंजिन बंद करता का? तिन्हींचे उत्तर 'हो' आले, तरच यंत्र फडात उतरू द्या.