महाधमनीची चीर : उपचार रायपुरात, निदान जिल्ह्यात

रायपूर : हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या आतल्या थराला चीर गेली की रक्त तिच्यातून भित्तिकेत शिरते आणि थर एकमेकांपासून सुटत जातात. छातीत किंवा पाठीत एकाएकी असह्य कळ येते. रायपुरात आज एम्स आहे, डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयाशी संलग्न अ‍ॅडव्हान्स्ड कार्डियाक इन्स्टिट्यूट आहे. त्यामुळे छाती न उघडता ही चीर झाकण्याचा उपचार आता केवळ महानगरांचा विषय राहिलेला नाही.

जांघेतील धमनीतून नळी सरकवून, क्ष-किरणांच्या साह्याने कापडी आवरणाची जाळी, म्हणजेच स्टेंट ग्राफ्ट, चिरेसमोर उघडली जाते. रक्त पुन्हा मूळ मार्गाने वाहू लागते. खारकीव्हचे शल्यविशारद निकोलाय व्होलोदोस यांनी १९८७ मध्ये छातीतील महाधमनीत असे आवरण बसविले. पुढे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात, उतरत्या महाधमनीला चीर असलेल्या स्थिर प्रकृतीच्या रुग्णांमध्ये महाधमनीशी निगडित मृत्यूंचे पाच वर्षांतील प्रमाण केवळ औषधांवर १९.३ टक्के, तर स्टेंट ग्राफ्टसह ६.९ टक्के आढळले.

मात्र हा उपचार प्रत्येक चिरेसाठी नाही. हृदयालगतच्या चढत्या भागातील चिरेवर आजही मुख्यतः खुली शस्त्रक्रियाच करावी लागते आणि तिथे पहिल्या ४८ तासांत मृत्यूचा धोका दर तासाला एक ते दोन टक्क्यांनी वाढतो, असे मानले जाते. उतरत्या भागातही जाळीमुळे मज्जारज्जूचा रक्तपुरवठा खंडित होऊन पायांना पक्षाघात होण्याची शक्यता असते. ‘बिनटाक्याचा इलाज’ असा त्याचा गवगवा करणे म्हणूनच योग्य नव्हे.

खरी कसोटी रायपूरच्या बाहेर आहे. ही वेदना हृदयविकाराच्या झटक्यासारखीच भासते. त्या समजुतीने रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध दिले गेले, तर ते घातक ठरू शकते. दोन्ही हातांच्या रक्तदाबातील ठळक फरक, फाटल्यासारखी पाठीकडे सरकणारी कळ, या खुणा कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात टिपता येतात. निश्चितीसाठी मात्र रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन लागतो. जगदलपूरहून रायपूर सुमारे ३०० किलोमीटर, वाटेत केशकाल घाट. रुग्णवाहिका निघण्यापूर्वी रक्तदाब आणि नाडीची गती औषधांनी खाली आणली नसेल, तर हा प्रवासच जिवावर बेततो.

खर्चाचा प्रश्नही आहेच. जाळीची किंमत लाखांत जाते आणि रुग्णाच्या धमनीच्या मापाचीच जाळी लागते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळते. पण जाळी बसविल्यानंतर ठरावीक काळाने करावयाचे स्कॅन आणि रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या आयुष्यभर सुटत नाहीत. गावातील आरोग्य केंद्रात त्या गोळ्या खंड न पडता मिळतात का, हे तपासण्याचे काम राज्याच्या आरोग्य खात्याचे आहे.